घड्याळ लाखांचं, घोळ चेनचा: या चुका टाळा

घड्याळ जड वाटतंय, मनगटावर फिरतंय, संध्याकाळी रुततंय, हाताला खाज सुटतेय. महागडं स्पोर्ट्स वॉच घेतल्यावर महिन्याभरात अशा तक्रारी सुरू होतात आणि बोल घड्याळाला लागतो. बहुतेक वेळा घोळ असतो चेनचा, म्हणजे ब्रेसलेटचा. दुकानात सगळा वेळ डायल आणि मूव्हमेंटच्या, म्हणजे आतल्या यंत्राच्या, गप्पांत जातो. चेनचा विषय शेवटी ‘दोन कड्या काढून द्या’ एवढ्यावर आटपतो.

एसीत बसून माप देणं

शोरूमच्या गारव्यात मनगट बारीक असतं. तीच चेन दुपारी चर्चगेटच्या फलाटावर आवळायला लागते, कारण उकाड्यात हात सुजतो. माप द्यायला संध्याकाळी जा, आणि आधी बाहेर जरा पायपीट करून जा. बंद चेनखाली करंगळी सहज सरकली पाहिजे, आणि हात हलवल्यावर डायल मनगटाच्या हाडापलीकडे घसरता कामा नये.

दुसरी गडबड म्हणजे सगळ्या कड्या एकाच बाजूने काढणं. मग क्लास्प, म्हणजे चेन बंद करायचा खटका, मनगटाच्या मधोमध न बसता कडेला सरकतो आणि डायल बाहेरच्या बाजूला कलतो. लोक म्हणतात, ‘घड्याळच मोठं घेतलं.’ घड्याळ बरोबर असतं. दोन्ही बाजूंनी समतोल काढून घ्या. साधारणपणे सहाच्या आकड्याकडे एखादी कडी कमी ठेवली की क्लास्प मध्ये येतो. उरलेला बारीक फरक क्लास्पवर भागवायचा. रोलेक्सच्या ईझीलिंक क्लास्पमध्ये ५ मिमी सैल करता येतं, त्यांच्याच सबमरीनर या डायव्हिंग घड्याळाच्या ग्लाइडलॉक क्लास्पमध्ये २ मिमीच्या टप्प्यांनी साधारण २० मिमीपर्यंत. घड्याळ घेताना क्लास्पमध्ये अशी सोय आहे का, हे विचारा. मुंबईच्या हवेत ही सोय नीलमणी काचेपेक्षा रोजच्या जास्त उपयोगाची, असं माझं ठाम मत आहे.

काढलेल्या कड्या मात्र पुडीत बांधून डब्यातच ठेवा. पुढे विकायला गेलात तर जाड मनगटाचं गिऱ्हाईक आधी त्याच मागतं, आणि नसतील तर भाव पाडतं.

‘सगळ्यांना २० मिमी चालतो’

नाही चालत. ओमेगा स्पीडमास्टर मूनवॉचला २० मिमी रुंदीचा पट्टा बसतो, जुन्या ४० मिमी सबमरीनरलाही. पण २०२० साली सबमरीनर ४१ मिमीची झाली आणि पट्ट्याची जागा २१ मिमी. तिथे २० मिमीचा पट्टा लावला तर दोन्ही बाजूंना फट दिसते आणि पट्टा आडवा हलत राहतो. २२ मिमीचा रबरी पट्टा दाबून बसवला तर तो चुरगळतो. व्हर्नियरने एकदा मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

बाजारात मिळणाऱ्या परक्या स्टील चेनची शेवटची वाकडी कडी केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीला, नीट जुळली नाही तर ती खुळखुळते आणि लगच्या, म्हणजे पट्टा धरणाऱ्या कानांच्या, आतल्या बाजूला चरे पाडते. हे चरे चेन काढेपर्यंत दिसतच नाहीत.

जोडचेनचं घड्याळ केसच्या मापावर घेणं

१९७२ मध्ये ओदमार पिगेची रॉयल ओक आली, १९७६ मध्ये पाटेक फिलिपची नॉटिलस. दोन्ही डिझायनर जेराल्ड जेंटा यांच्या हातच्या. त्यांत चेन केसमधूनच निघाल्यासारखी असते. परवडणाऱ्या किमतीत आज टिसो पीआरएक्स त्याच जातीची. या घड्याळांत केसलगतची कडी बहुधा एकदम खाली वळत नाही, थोडी सरळ पुढे जाते. त्यामुळे कागदावरचा ४० मिमीचा आकडा फसवा ठरतो. बारीक मनगटावर दोन्ही टोकं हवेत राहतात. हातात घालून बाजूने आरशात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय ‘नंतर चामड्याचा पट्टा लावू’ हा बेत इथे सहसा जमत नाही, साधा पट्टा बसायला जागाच नसते. व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिनच्या नव्या ओव्हरसीजमध्ये अवजाराशिवाय चेन काढून रबर किंवा चामडं लावता येतं, पण तो अपवाद.

नुसत्या दिसण्यावर चेन निवडणं

रोलेक्स जीएमटी-मास्टर २ ऑयस्टर आणि जुबिली, दोन्ही चेनवर मिळते. ऑयस्टर तीन तुकड्यांची, सपाट, भक्कम. जुबिली पाच तुकड्यांची. बारीक कड्यांमुळे हाताभोवती छान वळते, पण सांधे जास्त म्हणजे मळ साचायला जागाही जास्त. मधल्या चकचकीत कड्यांवर चरे लगेच उठून दिसतात. लोकलच्या दांड्याला धरून रोज लटकणार असाल तर मॅट ऑयस्टर बरी.

आणि जुलैत चामड्याचा पट्टा? बुरशी धरते, वास मारतो, शिवण सुटते. पावसाळ्यात रबर लावा. नाटो पट्टा, म्हणजे एकसंध नायलॉनचा पट्टा, केसच्या खालून जातो, त्यामुळे एक पिन निसटली तरी घड्याळ पडत नाही. पण आधीच जाड असलेलं घड्याळ आणखी वर उचललं जातं आणि शर्टाच्या बाहीत अडकतं.

पट्टा बदलल्यावर घड्याळ पुढे पळायला लागलं?

नवा पट्टा लोहचुंबकाने बंद होणारा आहे का, ते पाहा. यांत्रिक घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटंसुद्धा पुढे जाऊ शकतं. सर्व्हिसिंगचा खर्च अंगावर घेण्याआधी घड्याळजीकडून डीमॅग्नेटाइज करून घ्या. काम क्षणात होतं.

खाज, करकर आणि सैल पडलेली चेन

चेन वाकवून दोन कड्यांमधली फट उजेडात धरा. करडा-काळा लगदा दिसेल: घाम, मेलेली त्वचा, धूळ. हाच लगदा ओला असताना त्वचेला चावतो आणि पिना घासून चेन सैल करतो. घड्याळ आडवं धरा. चेन फारच खाली लोंबली तर झीज झाली आहे. जुन्या, पत्रा दुमडून केलेल्या पोकळ कड्यांत ही झीज लवकर येते.

उपाय स्वस्त आहे: क्राउन (चावी) घट्ट बंद, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ टूथब्रश, मग सुती कपड्याने पूर्ण कोरडं. घड्याळाची पाणीरोधकता तपासलेली नसेल तर चेन काढून वेगळी धुवा. स्वच्छ ठेवूनही पुरळ येत असेल तर स्टीलमधल्या निकेलची ॲलर्जी असू शकते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि टायटॅनियमची चेन मिळते का बघा.

धुताना चेनच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर कडीचा स्क्रू बाहेर यायला लागलाय. तो लगेच घट्ट करून, थ्रेड लॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, अगदी बारीक थेंब लावून घ्या.

‘नव्यासारखी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या बफिंग चाकाखाली मात्र चेन देऊ नका. कड्यांच्या धारदार कडा गोल होतात, मॅट आणि चकचकीत भागांमधली रेघ पुसली जाते. रॉयल ओकसारख्या चेनवर ती पूर्ववत करणं कंपनीच्या कार्यशाळेचं काम आहे. चरे राहू देत.