क्यूब्स ओएसमध्ये बसवलेले ॲप दिसत नसेल, तर काय तपासावे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे हिशेब पाहणारे माझे एक स्नेही बँकेचे व्यवहार आणि रोजचे ब्राउझिंग एकमेकांत मिसळू नये, म्हणून क्यूब्स ओएस वापरतात; ही संगणकावरची कामे ‘क्यूब’ नावाच्या एकमेकांपासून वेगळ्या कप्प्यांत चालवणारी कार्यप्रणाली आहे. त्यांनी ‘हिशेब’ नावाच्या क्यूबमध्ये लिबरऑफिस बसवले, दिवसभर सौद्यांच्या पट्ट्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो पट्ट्यांच्या फायली जागच्या जागी, पण लिबरऑफिस मात्र गायब.

यात बिघाड काहीच नव्हता. ॲप क्यूब, म्हणजे रोजची कामे करण्याचा क्यूब, प्रत्येक वेळी सुरू होताना आपली मूळ फाइलप्रणाली टेम्प्लेटकडून, म्हणजे प्रोग्राम जिथे कायमचे बसवले जातात त्या साच्याकडून, घेतो आणि त्याचे स्वतःचे म्हणून होम फोल्डर व आणखी मोजक्याच जागा टिकतात. त्यामुळे डीएनएफ किंवा एपीटी या प्रोग्राम बसवण्याच्या आज्ञांनी क्यूबमध्ये बसवलेला प्रोग्राम तो क्यूब बंद होताच पुसला जातो.

म्हणून पुन्हा काही बसवण्याआधी प्रोग्राम नेमका कुठे नाही, हे शोधावे. टेम्प्लेटचे टर्मिनल उघडून तिथे प्रोग्रामचे नाव टाइप करावे. तो तिथेच नसेल, तर तिथेच बसवावा, त्यानंतर टेम्प्लेट बंद करावे आणि मगच ॲप क्यूब बंद करून पुन्हा सुरू करावा. टेम्प्लेट बंद करण्याची पायरी बहुतेकांकडून राहून जाते; ते चालू असेपर्यंत त्यातला बदल क्यूबपर्यंत पोहोचत नाही, मग क्यूब कितीही वेळा सुरू करा.

प्रोग्राम टेम्प्लेटमध्ये आहे, पण मेन्यूत नाही, असे असेल तर प्रश्न फक्त यादीचा आहे. क्यूबच्या सेटिंग्जमधील ॲप्लिकेशन्स या टॅबमध्ये यादी ताजी करण्याचे बटण दाबावे, नाव डाव्या रकान्यात आले की ते उजव्या रकान्यात न्यावे आणि बदल जतन करावेत. डाव्या रकान्यातही नाव येत नसेल, तर टेम्प्लेटमध्ये त्या प्रोग्रामची डेस्कटॉप फाइल, म्हणजे मेन्यूत नाव आणणारी फाइल, आहे का, ते पाहावे. केवळ टर्मिनलवर चालणाऱ्या साधनांना ती बहुधा नसते आणि ती टर्मिनलमधूनच चालवावी लागतात.

आधी व्यवस्थित दिसणारी बरीच ॲप्स एकाच वेळी नाहीशी झाली असतील, तर क्यूबचे टेम्प्लेट बदलले आहे का, हे आधी तपासावे. जुन्या टेम्प्लेटमध्ये आपण बसवलेले प्रोग्राम नव्यात आपोआप येत नाहीत. शिवाय डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या क्यूब्सच्या 4.2 आवृत्तीपासून फेडोरा आणि डेबियन या लिनक्स प्रणालींची मूळ टेम्प्लेट्स ग्नोम या डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई या डेस्कटॉपची झाली, त्यामुळे ग्नोमच्या सवयीच्या प्रोग्रामांची उणीव तिथे भासू शकते. ‘मिनिमल’ टेम्प्लेट तर मुद्दामच जवळजवळ रिकामे ठेवलेले असते.

एक आग्रहाची विनंती आहे. कुठून तरी उतरवलेले पॅकेज सर्वांच्या सामायिक टेम्प्लेटमध्ये कधीही बसवू नये, कारण त्यात काही घातक निघाले, तर त्यावर आधारलेले सगळेच क्यूब धोक्यात येतात, बँकेचासुद्धा. अशा वेळी टेम्प्लेटची प्रत काढून तिच्यात ते बसवावे आणि फक्त गरजेचा क्यूब त्या प्रतीला जोडावा. स्नेह्यांनी लिबरऑफिससाठी मूळ टेम्प्लेटच वापरले, कारण ते फेडोराच्या अधिकृत भांडारातून येते. स्कॅनरच्या ड्रायव्हरसाठी मात्र त्यांनी वेगळी प्रत केली आहे.