बोटीच्या ट्रेलरचा हब तापत होता, त्याचा इलाज

बडोद्याहून मुंबईकडे २४ फुटी केबिन क्रूझर (केबिनवाली मोटरबोट) नेताना भरूचजवळच, म्हणजे सत्तरेक किलोमीटरवर, ट्रेलरचा मागचा डावा हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) हात ठेववेना इतका तापला. बाकीचे तीन कोमट. उघडला तर ग्रीस दूध घातलेल्या कॉफीसारखं, रोलरवर गंजाचे बारीक खड्डे.

बोट उतरवताना ट्रेलरही पाण्यात जातो. गरम हब थेट समुद्रात उतरवला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) खारं पाणी आत ओढलं जातं. मूळ दुखणं ते.

त्या हबमधली दोन्ही बेअरिंग कपांसकट (रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची कडी) बदलली. जुन्या कपात नवं बेअरिंग बसवू नकाच. स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतो तो दांडा) सील टेकतं ती जागा नखाने तपासा. खाच लागली तर नवं सीलही गळणार. मरीन ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, रोलरांमधून वरच्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. मग चाक फिरवत नट आवळा, सैल करा, शेवटी नुसत्या बोटांनी बसवा. पान्याने आवळून ठेवला तर बेअरिंग पुन्हा तापेल. नट फिरू नये म्हणून घालायची कॉटर पिन नवीच.

बोट उतरवण्याआधी हब गार होऊ द्या, कितीही घाई असली तरी. ट्रेलर वर घेतल्यावर गोड्या पाण्याने धुवा.