आधी पाण्याची वाट, मग खिडकी : रानातला लाकडी कलानिवास आखताना

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला मला हा विषय पहिल्यांदा मिळाला. झाडीतल्या उतारावर सहा कलावंतांना महिनाभर राहून काम करता येईल, असा लाकडी निवास आखायचा होता. मी आठ दिवसांत एक लांबलचक काचेची पेटी काढली. छप्पर सपाट, वळचण नाही, भिंती थेट मातीला टेकलेल्या. चित्र मात्र देखणं झालं होतं. परीक्षणाला आलेल्या बाईंनी ते बराच वेळ न्याहाळलं, छपराच्या कडेवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "इथे पडलेला थेंब पुढे कुठे जातो?" मला सांगता आलं नाही. शिक्षण संपल्यावर अशाच एका खऱ्या प्रकल्पावर मी तीन वर्षं काम केलं. त्या तीन वर्षांतला बराचसा वेळ त्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेला. या कामात नव्याने येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते इथे मांडते आहे.

पहिला सल्ला असा की, संगणकाला हात लावण्याआधी दोन महिने सुतारकामाच्या कारखान्यात काढा. लाकूड हलतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते रंधा मारताना. पेशींच्या भिंती पाण्याने पुऱ्या भरलेल्या असतात तेव्हा लाकडातला ओलावा साधारण २८ ते ३० टक्के असतो. त्याच्या खाली उतरला की लाकूड आक्रसू लागतं, आणि तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडा पडतो आणि वाढीच्या वलयांच्या लगतीने त्याच्या साधारण दुप्पट. फळीला बाक येतो, चौकोनी खांबाला तडा जातो, तो याचमुळे. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते मिस्त्री फळी उचलली की आधी तिचं टोक बघायचे, वलयं कशी गेली आहेत ते पाहायचे आणि मगच तिची कुठली बाजू बाहेर ठेवायची ते ठरवायचे. तोवर मी नकाशात सगळ्या फळ्या एकसारख्या रेघांनी दाखवत होते.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला ओलावा लागतो. तो सतत २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिचं सहसा काही चालत नाही. म्हणजे टिकाऊ लाकडी बांधकाम हा मुख्यतः पाणी दूर ठेवण्याचा आणि आत शिरलंच तर त्याला लवकर बाहेर पडू देण्याचा खटाटोप असतो. वळचण रुंद ठेवा. लाकूड जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर वर ठेवा, कारण पागोळ्यांचं पाणी आपटून तेवढं उडतं. बाहेरच्या फळ्या आणि भिंत यांच्यात हवा खेळेल अशी पोकळी सोडा. सगळ्यात जास्त जपा ते कापलेल्या टोकांना. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. टोकाकडून पाणी जितक्या झपाट्याने आत चढतं, तितकं कडेने कधीच शिरत नाही.

हे सगळं ठाऊक असूनही माझ्या हातून चूक झाली. ओसरीचे खांब मी पोलादी पेल्यांत उभे केले. पेला खालून बंद होता. पावसाचं पाणी खांबावरून ओघळून पेल्यात साचायचं आणि खांबाचं टोक त्यात बुडून राहायचं. बांधून झाल्यावर चौथ्या वर्षी एका खांबाच्या बुडात स्क्रूड्रायव्हर सहज रुतला. वाचलो ते एवढ्याचमुळे की बोल्ट बाहेरच्या बाजूने होते. छपराला तात्पुरता टेकू दिला, कुजलेलं बूड कापलं आणि तिरक्या सांध्याने नवा तुकडा बसवला. बाकीच्या खांबांचे पेले काढून तिथे उघडे पाय बसवले, म्हणजे लाकडाखाली बोटभर मोकळी जागा राहते. पुढे वाचताना कळलं की नॉर्वेतल्या जुन्या लाकडी चर्चची गोष्टही अशीच आहे. सुरुवातीच्या चर्चचे खांब मातीत पुरलेले होते, ते कुजून गेले. नंतरच्यांनी दगडी पायावर आडव्या तुळया टाकून त्यांवर खांब उभे केले. १२व्या शतकातलं बोर्गुंडचं चर्च तसं आजही उभं आहे. जपानमधल्या होर्यू-जी मंदिराच्या लाकडी इमारती तर जगातल्या सर्वांत जुन्या मानल्या जातात. तिथली वळचण किती पुढे आली आहे, ते छायाचित्रात नक्की बघा.

टिकण्यावर मी इतका भर देते, कारण शाश्वततेचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. एक किलो लाकडामागे हवेतला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. पण इमारत पंधरा वर्षांत कुजली किंवा मोडून जाळली तर तो परत हवेत जातो, आणि तेवढ्यात नवं झाड मोठंही झालेलं नसतं. विद्यार्थ्यांच्या अहवालात "लाकूड वापरलं, म्हणून पर्यावरणपूरक" हे वाक्य दिसलं की मी तिथेच थांबून विचारते: कुठल्या जंगलातलं, तिथे पुन्हा लागवड होते का, आणणार कसं, आणि ही फळी खराब झाली तर एकटी बदलता येईल का? जंगलाच्या व्यवस्थापनाची ग्वाही देणारी एफएससी (स्थापना १९९३) आणि पीईएफसी (स्थापना १९९९) या संस्थांची प्रमाणपत्रं मागायला शिका, कागद प्रत्यक्ष हातात घेऊन पाहा. मात्र शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठलंच प्रमाणपत्र देत नाही, ते तुमच्या सांध्यांतच असावं लागतं. चिकटवण्याऐवजी स्क्रू, आणि तेही बाहेरून दिसणारे. ओक किंवा सीडरसारख्या टॅनिन (लोखंडाशी मिळून काळा डाग पाडणारं द्रव्य) असलेल्या लाकडात साधे लोखंडी खिळे मारले तर काळे ओघळ उमटतात, तिथे स्टेनलेस स्टीलच वापरा.

जमिनीबद्दल थोडक्यात. काँक्रीटच्या जोत्याऐवजी आम्ही स्क्रूसारखे जमिनीत पिळून रोवायचे पोलादी खांब वापरले, त्यामुळे खोदाई फारशी झाली नाही. मुळांसाठी एक आडाखा पाठ ठेवा: खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येत काही करायचं नाही. ४० सेंटिमीटरच्या खोडाला हे अंतर ४.८ मीटर होतं. यंत्राच्या येण्याजाण्याच्या वाटेलाही तोच नियम, कारण चाकांखाली दबलेल्या मातीत मुळं गुदमरतात. या आडाख्यामुळे आमच्या दोन कुट्या मूळ जागेवरून हलल्या.

आता कलावंत. इथे मी सगळ्यात जास्त शिकले.

आम्ही आखण्याआधी वेगवेगळ्या कलांतल्या अकरा जणांशी बोललो. मला वाटत होतं की सगळ्यांना मोठी खिडकी आणि दरीचा देखावा हवा असेल. एका लेखिकेने सांगितलं की ती कुठेही गेली तरी टेबल भिंतीकडे फिरवते, देखावा तिला लिहून झाल्यावर हवा असतो. चित्रकारांना सूर्याच्या विरुद्ध बाजूने येणारा, दिवसभर फारसा न बदलणारा उजेड हवा होता, आणि बिनदिक्कत खिळे ठोकता येतील अशी एक सलग भिंत. शिल्पकाराचा पहिला प्रश्न होता, गाडी दारापर्यंत येते का. एका वादकाला शेजारच्या पावलांचा आवाज नको होता. हलक्या लाकडी जमिनीतून पावलांचा दणका फार जातो, म्हणून एकाच छपराखालच्या सहा खोल्यांचा विचार आम्ही सोडला आणि सुट्या कुट्या केल्या. रंगकामाच्या कुट्यांत द्रावकांचा वास बाहेर जावा म्हणून समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आणि मोठं बेसिन हे सुरुवातीच्या नकाशापासूनच होतं. नंतर घुसडलं तर ते नेहमीच गैरसोयीच्या जागी येतं.

आकाराच्या मोहात पडू नका. वास्तुकार ल कॉर्बुझिएने स्वतःसाठी भूमध्य समुद्रकाठी बांधलेली काबानों ही कुटी ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर आहे. अमेरिकन लेखक थोरोची वॉल्डन तळ्याकाठची खोली दहा फूट बाय पंधरा फूट होती. ग्रीग आणि माहलर या संगीतकारांनी आपलं काही महत्त्वाचं काम पाण्याकाठच्या एकेका खोलीच्या कुटीत केलं. अमेरिकेतल्या मॅकडॉवेल या १९०७ साली सुरू झालेल्या कलानिवासात स्टुडिओ रानभर विखुरलेले आहेत आणि दुपारचं जेवण टोपलीतून दाराशी ठेवलं जातं, म्हणजे काम मोडत नाही. तिथे राहून गेलेले कलावंत स्टुडिओतल्या लाकडी पाट्यांवर आपली नावं लिहून जातात. कॅनडातल्या फोगो बेटावरचे, वास्तुकार टॉड सॉन्डर्स यांचे स्टुडिओही अभ्यासा. उघड्या खडकावर ते किती कमी ठिकाणी टेकतात, ते पाहण्यासारखं आहे. लहान कुटीला लाकूड कमी लागतं आणि ती उबदार ठेवायला ऊर्जाही कमी लागते, हा वेगळा फायदा.

आगीचा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो, तेव्हा आकडा तयार ठेवा. मऊ जातीच्या जाड लाकडाचा पृष्ठभाग मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीने कोळसा होतो, आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला काही काळ जपतो. अर्ध्या तासाला २० मिलिमीटर धरून तुळई गरजेपेक्षा तेवढी जास्त जाड घ्यायची. बारीक पट्ट्यांना हा हिशेब लागू नाही. मोठ्या काचांवर पक्षी आपटतात, म्हणून त्यांवर जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर अंतराने ठिपके हवेत. आम्ही ते उशिरा लावले, त्याआधी मेलेले काही पक्षी मी स्वतः उचलले आहेत.

नोकरीसाठी पोर्टफोलिओ कराल तेव्हा बाहेरून दिसणारं एक चित्र पुरे. बाकी पानांवर वळचणीपासून पायापर्यंतचा छेद एकास पाच प्रमाणात काढा आणि त्यात थेंबाची वाट बाणांनी दाखवा. कुठे काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, त्याचं एक पान ठेवा. मला दुसरी नोकरी त्या कुजलेल्या खांबाच्या पानावर मिळाली.

निवास सोपवताना आम्ही एक देखभालीची वही दिली होती: प्रत्येक फळीला क्रमांक, स्क्रूचं माप, आणि सोबत ओलावा मोजायचं छोटं यंत्र. गेल्या वर्षी गेले तेव्हा ती चाळली. तिसऱ्या कुटीची पश्चिमेकडची खालून दुसरी फळी एका कुंभारकाम करणाऱ्या पाहुणीने स्वतः बदलली होती. तारीख लिहिली होती, सही होती आणि ओलाव्याच्या रकान्यात आकडा होता: १४ टक्के.