ग्लुटेन सोडण्याआधी : सीलिएकच्या तपासणीची तयारी

गहू बंद करू नका. यादीतली पहिली गोष्ट ही, आणि बाकी सगळं विसरलात तरी एवढी लक्षात ठेवा. पोट फुगतंय, जुलाब थांबत नाहीत, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, आणि कुणीतरी म्हणतं, ‘थोडे दिवस गहू सोडून बघ.’ मोह होतोच. काहींना आठवडाभरात बरंही वाटायला लागतं. पण सीलिएक, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतडं खराब होण्याचा आजार, त्याच्या रक्ततपासण्या आणि आतड्याची बायॉप्सी (अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासणं), दोन्हींत शोधली जाते ती ग्लुटेनमुळे शरीराने स्वतःच्याच आतड्याविरुद्ध काढलेली आघाडी. ग्लुटेन पोटात जाणंच थांबलं की रक्तातल्या अँटिबॉडी हळूहळू उतरतात, आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं, आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. लॅबने चूक केलेली नसते, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात नसतं.

म्हणून रक्ततपासणी आणि गरज पडली तर बायॉप्सी, हे दोन्ही उरकेपर्यंत गहू, जव, राय हे सगळं चालू राहू द्या. चालू म्हणजे किती, तर ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची सूचना सरळ आहे: तपासणीआधी किमान ६ आठवडे, रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असावं. अधूनमधून एखादं बिस्कीट खाल्लं हे यात धरू नका. रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की ‘झालं, कळलं’ म्हणून त्याच संध्याकाळी पीठ बदलणारे पुष्कळ असतात, आणि बायॉप्सीची तारीख महिनाभर पुढची असते. तो महिनाही खायचा आहे.

आधीच सोडून बसला असाल तर? तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, तारखेसकट: कधीपासून, किती कडकपणे, मध्ये काही खाल्लं का. अशा वेळी एक तपासणी खाण्यावर अजिबात अवलंबून नसते, ती जनुकांची. सीलिएक असणाऱ्या जवळजवळ सगळ्यांमध्ये एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांतलं काहीतरी सापडतं. दोन्ही नसतील तर सीलिएकची शक्यता इतकी कमी की शोध दुसरीकडे वळवावा. उलट बाजूने मात्र हा रिपोर्ट वाचू नका. ही जनुकं असलेली कित्येक माणसं आयुष्यभर गहू खाऊन ठणठणीत असतात, त्यामुळे ‘जनुक पॉझिटिव्ह’ म्हणजे निदान नव्हे. जनुकं आहेत असं निघालं तर पुढची पायरी म्हणजे ठरवून काही आठवडे पुन्हा ग्लुटेन खाणं, आणि मग तपासण्या. साधारण ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन रोज, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी धरतात; ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ते अंदाजे २ ग्रॅम असतं. त्रास होतो, खोटं कशाला सांगायचं. म्हणूनच हे डॉक्टरांच्या सल्ल्याने, सोसेल तितक्या दिवसांचं बेतावं. पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येताना झपाट्याने उंची वाढत असते त्या काळात असा प्रयोग शक्यतो टाळतात.

आता वही काढा. डॉक्टरांपुढे बसल्यावर माणसाला फक्त पोट आठवतं, आणि सीलिएक हा आजार पोटापुरता राहत नाही. वारंवार तोंड येणं, लोह कमी असण्याचं कारण न सापडणं, हाडं ठिसूळ असल्याचा रिपोर्ट, लिव्हरची एन्झाइम्स विनाकारण वाढलेली, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, पुन्हापुन्हा गर्भपात, मुलाची उंची खुंटणं, वयात येणं लांबणं, पक्क्या दातांच्या एनॅमलवर डाग किंवा खाचा. जुलाबच हवेत असंही नाही, बद्धकोष्ठ असणारे असतात, वजन जास्त असणारेही असतात. यांतलं जे जे आहे ते कधीपासून, एवढं एकेका ओळीत लिहा. कोपर, गुडघे, नितंब या जागी प्रचंड खाजणारे बारीक फोड येत असतील तर ती ओळ सगळ्यात वर घ्या. तो डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, म्हणजे सीलिएकचंच त्वचेवरचं रूप, असू शकतो, आणि मग त्वचेच्या बायॉप्सीवर निदान होऊ शकतं. ती बायॉप्सी फोडातून नाही, फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून घ्यायची असते आणि तिच्यावर इम्युनोफ्लुरोसन्सची खास तपासणी करायची असते. त्वचेच्या डॉक्टरांना हे माहीत असतं. फक्त सीलिएकची शंका आहे हे त्यांच्या कानावर घालायला हवं.

वहीच्या दुसऱ्या पानावर घरची माणसं. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला सीलिएक, टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्युन (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) आजार आहे का ते विचारून ठेवा. तिसऱ्यावर औषधं, दुकानातून स्वतःच आणलेली धरून. रक्तदाबासाठीचं ओल्मेसार्टन आतड्याची जवळपास सीलिएकसारखीच अवस्था करू शकतं. स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ती निकाल झाकू शकतात. केसांसाठी घेतलं जाणारं बायोटिन लॅबच्या काही पद्धतींत गोंधळ घालतं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते बायॉप्सी करणाऱ्याला आधी कळलंच पाहिजे. यातलं कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, फक्त सांगायचं.

रक्ततपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मात्र लॅबच्या खिडकीशी पोचण्याआधी वाचा. तिथे दोन नावं हवीत: टीटीजी-आयजीए (सीलिएकच्या अँटिबॉडींची तपासणी) आणि टोटल आयजीए (आयजीए या जातीच्या अँटिबॉडी एकूण किती आहेत ते). दुसरं नाव गाळलेलं दिसतं, आणि माझ्या मते ते गाळणं ही सगळ्यात स्वस्तात टळणारी चूक. सीलिएक असणाऱ्या १०० जणांतल्या २-३ जणांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही. त्यांची टीटीजी-आयजीए कायम नॉर्मलच येणार, आतड्याची कितीही वाताहत झालेली असो. टोटल आयजीए कमी निघालं तर आयजीजी या दुसऱ्या जातीच्या अँटिबॉडींवर आधारलेल्या तपासण्या करायच्या, डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी. जुनी अँटी-ग्लायाडिन तपासणी कुणी लिहून दिली तर त्याऐवजी टीटीजी करता येईल का असं नम्रपणे विचारा. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज (टीटीजी) हे एन्झाइमच या अँटिबॉडींचं लक्ष्य आहे हे १९९७ मध्ये उमगलं, आणि तेव्हापासून ती जुनी तपासणी मागे पडली.

रिपोर्ट हातात आला की आकड्याबरोबर त्या लॅबची वरची मर्यादाही टिपा. प्रत्येक लॅबचं किट वेगळं, त्यामुळे ‘माझा ८० आला, तुझा किती’ या तुलनेला अर्थ नाही. मर्यादेच्या किती पट, हे बघायचं. किंचित वाढलेला आकडा टाइप १ मधुमेहात किंवा लिव्हरच्या आजारातही दिसू शकतो, तेव्हा ईएमए नावाची आणखी काटेकोर तपासणी मदतीला येते. मुलांच्या बाबतीत हा पटीचा हिशेब फारच कामाचा. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या नियमांनुसार टीटीजी-आयजीए वरच्या मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि रक्ताचा दुसरा नमुना घेऊन केलेली ईएमएही पॉझिटिव्ह असेल, तर बायॉप्सीशिवाय निदान करता येतं. निर्णय तज्ज्ञाचा आणि पालकांचा मिळून. आकडा बघून घरी ठरवायचा नाही. प्रौढांसाठी बहुतेक ठिकाणी अजूनही बायॉप्सी करतातच.

बायॉप्सीचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण त्यात घाबरण्यासारखं खरंच फारसं काही नाही. तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, चिमुकले तुकडे घेतले जातात, तुकडे घेतल्याचं दुखत नाही. साधारण ६ ते ८ तास पोटात अन्न नको, पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते तिथले लोक सांगतील. मधुमेहाची औषधं त्या सकाळी कशी घ्यायची ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. गुंगीचं इंजेक्शन घेणार असाल तर सोबत माणूस हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. एवढी झाली शरीराची तयारी.

खरी तयारी आहे ती एक प्रश्न आधी विचारण्याची: ‘आतडं वरून चांगलं दिसलं तरी तुकडे घेणार ना, आणि किती?’ सीलिएकमध्ये अस्तर दुर्बिणीतून नॉर्मल दिसू शकतं. शिवाय इजा सगळीकडे सारखी नसते. एका जागी अस्तर सपाट झालेलं, बोटभर पलीकडे ठीक. म्हणून ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याच्या) दुसऱ्या भागातून किमान ४ आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून, म्हणजे बल्बमधून, १-२ तुकडे घ्यावेत असं मार्गदर्शक सूचना सांगतात. एकदोनच घेतले आणि ते नेमके चांगल्या जागचे निघाले, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तपासणीच्या कागदावर ‘सीलिएकची शंका’ असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टही त्या नजरेने बघेल.

जाता जाता एक जुनी गोष्ट. गव्हाचा या आजाराशी संबंध आहे हे शोधणारा विलेम डिके हा नेदरलँड्समधला बालरोगतज्ज्ञ, त्याचा प्रबंध १९५० चा. त्याच्याकडे ना टीटीजी होती ना दुर्बीण. मुलांचं खाणं बदलायचं आणि वजन, वाढ, शौच यांच्या नोंदी ठेवायच्या. आतड्यातून तुकडा काढून बघण्याची सोय आली ती नंतर, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात. आज खाणं बदलून बघण्याआधी तपासणीची सोय हाताशी आहे, तर क्रम उलटा करण्यात शहाणपण नाही.

बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘मार्श’ आणि पुढे आकडा असतो, अस्तराची इजा किती ते सांगणारा. लहान आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं, बारीक लव असलेलं असतं. सीलिएकमध्ये ती लव झडून कापड सपाट होतं. मार्श ३ म्हणजे लव झडलेली, त्यात ए, बी, सी अशा चढत्या पायऱ्या. मार्श १ म्हणजे नुसत्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणि त्या हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूच्या संसर्गाने किंवा वेदनाशामक गोळ्यांनीही वाढतात. मार्श ३ देखील एकट्याने शिक्कामोर्तब करत नाही: जिआर्डियाचा संसर्ग, ट्रॉपिकल स्प्रू, वर सांगितलेलं ओल्मेसार्टन, प्रतिकारशक्तीचे काही आजार, यांतही लव झडते. म्हणून रक्त आणि बायॉप्सी एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. जुळत नसतील तर घाईने आयुष्यभराचं पथ्य अंगावर घेऊ नका आणि ‘काही नाही’ म्हणून फाइलही मिटू नका. स्लाइड आतड्याच्या आजारांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येते, जनुकांची तपासणी इथेही उपयोगी पडते, आणि काही महिने ग्लुटेन खात राहून पुन्हा तपासणं हाही रीतसर मार्ग आहे. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) कुठे ठेवलेत ते विचारून ठेवा.

पैसे कशावर घालवू नयेत ते थोडक्यात. शेकडो पदार्थांच्या यादीसमोर लाल-हिरवे पट्टे दाखवणाऱ्या आयजीजी ‘फूड इन्टॉलरन्स’ तपासण्या, केसांची तपासणी, यांवरून सीलिएकचं निदान होत नाही. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार, त्याची तपासणी आयजीई या तिसऱ्याच जातीच्या अँटिबॉडींची. आणि पुरेसं ग्लुटेन खात असताना सीलिएक आणि ॲलर्जी दोन्ही निगेटिव्ह आल्या, तरीही गहू सोसत नाही, अशी माणसं असतात. त्यांचा त्रास खोटा नाही, फक्त त्यांना कणाकणाला जपणारं पथ्य लागेलच असं नाही.

हाच फरक कळावा म्हणून तर एवढा खटाटोप. सीलिएकचं पथ्य ‘शक्यतो टाळतो’ या जातीचं नसतं. डब्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, यावरून किती थोड्याची बाब आहे ते लक्षात येईल. असं पथ्य जन्मभर पाळायचं, लग्नकार्यात, प्रवासात, हॉस्पिटलात दाखल असताना, तर त्यामागे ठोस कागद हवा. घरच्यांना पटवायलाही तोच लागतो.

निदान पक्कं झालं तर पथ्य सुरू करण्याच्या आसपासच हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, लिव्हरची एन्झाइम्स आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) करून घ्या. प्रौढांनी हाडांच्या घनतेबद्दल विचारावं. आहारतज्ज्ञाची पहिली वेळ तेव्हाच ठरवा, कारण ग्लुटेन माल्टमध्ये असतं, सॉसमध्ये असतं, क्वचित गोळ्यांच्या आवरणातही असतं. टीटीजी पुन्हा ६ महिन्यांनी आणि वर्षाने, जमेल तर त्याच लॅबमध्ये, म्हणजे आकडे शेजारी ठेवून वाचता येतील. रिपोर्टचे फोटो काढून एका जागी ठेवा. मूळ कागद द्यायचे झाले तर प्रत मागे ठेवूनच.

राहिले घरचे. आईवडील, सख्खी भावंडं, मुलं यांनी काही त्रास नसला तरी एकदा टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए करून घ्यावी, नेहमीचं खाणं न बदलता. लहान मुलांत आज निगेटिव्ह आलेली पुढे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून त्यांची काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. ज्याच्या जनुकांच्या तपासणीत डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नाहीत असं निघालं, त्याला त्या फेऱ्यांतून सुट्टी.