मिटफर्ड मालिका वाचनगटात कशी वाचावी

ठाण्यातील वाचनगटाने अमेरिकन लेखिका जॅन कॅरन यांची मिटफर्ड ही कादंबरी-मालिका निवडल्यास १९९४ च्या ‘अ‍ॅट होम इन मिटफर्ड’पासूनच सुरुवात करावी, कारण त्यातील नाती पुस्तकागणिक उलगडत जातात. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमुळे आपल्याला अविवाहित राहणारे कॅथलिक धर्मगुरू परिचित असतात; नॉर्थ कॅरोलायनातील मिटफर्ड या काल्पनिक गावाचे धर्मगुरू, कथानायक फादर टिम मात्र एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतील अमेरिकन) पंथाचे असून त्यांना विवाहाची मुभा आहे, हे गटाला आधीच सांगावे, अन्यथा शेजारीण सिंथियाशी जुळत जाणारा त्यांचा स्नेह उगाच खटकतो.

एका बैठकीत दोनच प्रकरणे घ्यावीत. कथानकाचा वेग संथ आहे आणि तीच त्याची खरी गोडी आहे. बार्नबस हा दांडगा कुत्रा बायबलमधील वचन कानी पडताच शांत होतो, तो प्रसंग कोणीतरी मोठ्याने वाचावा व नंतर क्षणभर थांबावे; श्रद्धा रोजच्या व्यवहारात कशी मुरलेली असते, हे तिथे व्याख्यानावाचून कळते. फादरांना जडलेला मधुमेह आणि डूली या पोराची त्यांनी घेतलेली जबाबदारी यांवर चर्चेला भरपूर वेळ ठेवावा. डूलीची गावरान बोली समजावून सांगताना तिचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये.