इंटर्नशिप वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत दर उन्हाळ्यात इंजिनिअरिंगची मुलं इंटर्नशिपला येतात. आमच्याकडे त्यांना काम देणं आणि त्यांच्या रिपोर्टवर सही करणं माझ्याकडे असतं. मुलं हुशार असतात, पण चुका दरवर्षी त्याच.

पैसे भरून सर्टिफिकेट घेणं. हे थांबवा. घरबसल्या काही व्हिडिओ बघायचे, फी भरायची आणि ‘इंटर्नशिप पूर्ण’ असा कागद घ्यायचा, याला इंटर्नशिप म्हणत नाहीत. काम देणारा विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाही. जमलं तर स्टायपेंड देतो, नाही तर निदान काम तरी शिकवतो. मुलाखतीत मी एवढंच विचारतो, ‘तिथे रोज सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचास?’ विकतच्या कागदाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

केबिनमध्ये बसून प्रोजेक्ट करणं. मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. एका वर्षी आमच्याकडे 80 मिमी बोअरच्या (आतल्या गोल भोकाच्या) एका स्टीलच्या जॉबचं, म्हणजे मशीनवर बनणाऱ्या पार्टचं, रिजेक्शन वाढलं होतं. मशीनवर ओके झालेले जॉब फायनल इन्स्पेक्शनला अंडरसाईज निघत होते, म्हणजे बोअर ठरल्यापेक्षा लहान भरत होतं. दोन इंटर्नना कारण शोधायला सांगितलं. मुलाने जुने इन्स्पेक्शन रिपोर्ट मागवले, एसीत बसून पॅरेटो चार्ट काढला, फिशबोन काढला आणि शेवटी लिहिलं, ‘ऑपरेटरना ट्रेनिंगची गरज आहे.’ वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या माणसाशी तो एकदाही बोलला नव्हता.

मुलगी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. ती मशीनशेजारी जाऊन उभी राहिली. पहिले दोन दिवस तिला कोणी फार काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑपरेटर काकांनी मशीनमधून काढलेला जॉब तिच्या हातात दिला. ‘ताई, गरम लागतोय ना? आत्ता मोजा, मग जेवून या आणि परत मोजा.’ जेवणानंतर साईज कमी भरली. तिने गणित मांडलं. जॉब पंधरा अंशांनी गरम असेल तर 80 मिमीचं बोअर साधारण 0.014 मिमीने मोठं दिसतं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, होता 0.03 मिमी. म्हणजे जवळजवळ निम्मा टॉलरन्स मोजण्याच्या घाईतच जात होता, आणि त्या गरम मापावर सेटर मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देत होता. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश असतं, हे दोघांनीही परीक्षेत लिहिलेलं होतं. जॉब रॅकवर थंड होऊ द्यायचा, मगच माप घ्यायचं आणि ऑफसेट द्यायचा, असं ठरलं आणि रिजेक्शन उतरलं.

म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलांना पहिला आठवडा लॅपटॉप बंद. खिशात छोटी वही ठेवायची. आज काय बघितलं, काय कळलं नाही, कोणाला विचारलं, एवढं रोज लिहायचं. शिफ्ट बदलण्याच्या वेळी मशीनजवळ थांबायचं, कारण जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला जे सांगतो ते कुठल्याही रिपोर्टमध्ये उतरत नाही. ‘सर, हे सगळं ऑनलाइन मिळेल ना?’ असं विचारणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. नाही मिळत.

0.02 मिमी लीस्ट काउंटच्या, म्हणजे त्याहून बारीक माप न दाखवणाऱ्या, व्हर्निअरने 0.01 मिमीचा टॉलरन्स मोजणं. मायक्रोमीटर मागून घ्या. मागायला लाजू नका.

‘मला फक्त डिझाईन करायचंय.’ जे पार्ट मशीनवर पकडताच येत नाहीत, ते अशाच डिझायनरकडून येतात.

कॉलेजातलं काम नुसत्या नावापुरतं लिहिणं. ‘बाहा टीम मेंबर’ या दोन शब्दांवरून मला काहीच कळत नाही. इंदूरजवळ पिथमपूरला 2007 पासून ही कॉलेजांची ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा होते आणि त्यासाठी मुलं अख्खी गाडी बांधतात. त्यात तुम्ही काय केलंत? व्हेंडरकडून कोटेशन आणलंत? स्टिअरिंगचा नकल (knuckle, चाक वळवणारा पार्ट) उशिरा मिळाला तेव्हा काय केलंत? ते लिहा. पुरुषोत्तम करंडकासाठी बॅकस्टेज केलेली मुलं तर हा अनुभव रेझ्युमेत लिहीतच नाहीत, मेकॅनिकलला त्याचा काय उपयोग म्हणून. ठरलेल्या वेळेत सेट लावणं, आयत्या वेळी बिघडलेलं निभावून नेणं, दहा जणांना एका कामावर आणणं, हे मला शॉपफ्लोरवर रोज लागतं. जरूर लिहा.

शेवटच्या दिवशी रिपोर्ट घेऊन सहीला येणं. आठवडाभर आधी या. आणि माझ्याआधी तो ज्याच्या मशीनवर काम केलंत त्या ऑपरेटरला वाचून दाखवा. चूक तो लगेच पकडेल.

इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप यांत गोंधळ करणं. इंटर्नशिप शिकताना होते. डिग्री किंवा डिप्लोमानंतर वर्षभर अप्रेंटिस म्हणून राहायचं असेल तर केंद्र सरकारची नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) योजना आहे. तिला 1961 च्या अप्रेंटिस कायद्याचा आधार आहे, किमान स्टायपेंड ठरलेला आहे आणि त्यातला निम्मा वाटा सरकार उचलतं. पोर्टलवर नोंदणी मोफत होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.