तिसरी तार मिळाली

इंदूरला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब बसून मी महिनाभर डीसीएस या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमधलं हॉर्नेट हे लढाऊ विमान विमानवाहू जहाजावर उतरवत होतो, आणि दर वेळी विमान अडवणाऱ्या डेकवरच्या तारा चुकत होत्या. खोड जुनी होती: धावपट्टीवर उतरताना उचलतो तसं शेवटी नाक उचलायचो, तारेत अडकायचा शेपटीखालचा हुक तारांवरून पुढे निघून जायचा.

मग ६०० फुटांवर, चाकं, फ्लॅप, हुक खाली घेऊन विमान ८.१ अंश अँगल ऑफ अटॅकवर (समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा कोन) ट्रिम केलं, म्हणजे हात सोडला तरी त्याच कोनात राहील असं. कोन बरोबर असल्याचं सांगणारा केशरी गोल दिसला की नाकाला हात लावायचा नाही. उंची फक्त थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करून, बारीक बारीक सांभाळायची. हे हाताला वळायलाच आठवडा गेला. डेकवरची उतरायची पट्टी जहाजाच्या दिशेशी सुमारे ९ अंश तिरकी, जहाज पुढे चाललेलं, म्हणून मधली रेघ सतत उजवीकडे सरकते. टेकताच पूर्ण थ्रॉटल, तार चुकली तर पुन्हा उडता यावं म्हणून!

काल तिसरी, म्हणजे नेमकी हवी तीच तार मिळाली. माझी आरोळी ऐकून आई देवघरातून धावत आली, "काय रे, काय झालं?"